अंगणवाडीपासून पहिलीपर्यंत : पूर्व सोलापुरातील सरकारी बालशिक्षणाचे परीक्षण

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे अशोक चौकापासून अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरलेल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत, मूल तीन वर्षांचे झाले की आईवडिलांसमोर दोनच वाटा असतात. एक वाट गल्लीतल्या खासगी नर्सरीची, जिच्या फलकावर इंग्रजी नाव आणि कार्टूनची चित्रे असतात. दुसरी अंगणवाडीची, जिथे पैसे लागत नाहीत आणि म्हणूनच खिचडीपलीकडे काही मिळत नसणार असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. माझा थोरला मुलगा पहिल्या वाटेने गेला आणि धाकटी मुलगी दुसऱ्या. धाकटीची अंगणवाडी महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेच्या आवारात भरते, आणि पुढे ती त्याच शाळेत पहिलीला बसली. तिच्या आणि शेजारपाजारच्या मुलांच्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. केंद्राचे आणि शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण इथे नोंदवलेल्या उणिवा बऱ्याच ठिकाणी आढळतील आणि एकाच ठिकाणावर त्यांचे खापर फोडणे अन्यायाचे होईल.

निष्कर्ष आधीच सांगते. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचे शहर आहे, आणि घरी मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला वर्गात पाऊल ठेवताच गप्प व्हावे लागते की नाही, ही माझ्या मते इथल्या बालशिक्षणाची पहिली कसोटी आहे. त्या कसोटीवर मी पाहिलेली अंगणवाडी मी पाहिलेल्या नर्सरीपेक्षा पुष्कळ सरस ठरली. आहार आणि आरोग्य तपासणी यांत तर नर्सरी तिच्या जवळपासही येत नाही. जागा, वेळ आणि पहिलीत जातानाची जोडणी या बाबतींत मात्र ही सेवा उणी पडते, आणि शेवटची उणीव मला सर्वांत गंभीर वाटते, कारण आधीच्या तीन वर्षांत कमावलेले तिथे काही महिन्यांत हातचे जाते.

व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी, कारण पालकांचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अंगणवाडी शाळेच्या आवारात भरत असली तरी ती शाळेची नसते. ती एकात्मिक बालविकास सेवा योजनेची. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज असेल त्याला पुढच्या उपचारांसाठी पाठवणे), पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात एकत्र बांधलेल्या आहेत. ग्रामीण भागात तिचा कारभार जिल्हा परिषदेमार्फत चालतो, तर शहरात नागरी प्रकल्प कार्यालय राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या यंत्रणेला जोडलेले असते. शाळा मात्र महापालिकेच्या शिक्षण विभागाची. त्यामुळे एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन बहिणींपैकी पाच वर्षांची एका खात्याच्या हजेरीपटावर असते आणि सात वर्षांची दुसऱ्या. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयोगटाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र शासन व्यवस्था करू शकेल, इतकेच कलम ११ मध्ये म्हटले आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानून पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र घेतली, आणि त्या तीन वर्षांना आता बालवाटिका १, २ आणि ३ असे म्हणतात. कागदावर ही पाच वर्षे सलग आहेत. आवारात ती तशी दिसत नाहीत, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आमच्या केंद्राच्या सेविकाताई तेलुगू भाषक विणकर घरातल्या आहेत. शिक्षण मराठीतून झालेले, कन्नड कामापुरती येते, आणि पलीकडच्या मोहल्ल्यातून येणाऱ्या मुलांशी त्या सहज दख्खनी उर्दूत बोलतात. हे निव्वळ आमचे नशीब नव्हे. सेविका आणि मदतनीस त्याच भागातील रहिवासी असाव्यात असा भरतीचा नियम आहे, आणि ज्या केंद्रात निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील तिथे ती भाषा जाणणाऱ्या उमेदवाराचा विचार करण्याची तरतूदही आहे. सोलापूरसारख्या शहरात या तरतुदीला किती किंमत आहे ते वर्गात बसल्यावर कळते. जूनमध्ये नवी मुले येतात तेव्हा पाणी मागताना कोणी ‘नीळ्ळु’ म्हणते, कोणी ‘नीरु’, कोणी ‘पानी’, आणि मदतनीस मावशी कोणालाही न दुरुस्त करता पेला पुढे करतात. देताना स्वतः मात्र मराठीत बोलतात. तीन वर्षांच्या मुलाला याहून अधिक भाषाशिक्षण त्या क्षणी लागत नाही. आपले म्हणणे समजले आहे एवढे त्याला कळले की ते दुसरी भाषा कानात साठवायला मोकळे होते, आणि दिवाळीच्या सुमारास त्याच मुलांच्या तोंडून अर्धी तेलुगू आणि अर्धी मराठी अशी वाक्ये बिनदिक्कत येऊ लागतात.

याच्या उलट चित्र मी थोरल्याच्या नर्सरीत पाहिले होते. तिथल्या शिक्षिकांचा कल इंग्रजी शब्द पाठ करून घेण्याकडे होता, आणि मुलांनी आपसात तेलुगूत बोललेले त्यांना खपत नसे. आमच्या शेजारचा एक मुलगा तिथे वर्षभर गेला. घरी तो अखंड बडबड करणारा. नर्सरीतून मात्र हा बोलतच नाही, डॉक्टरांना दाखवा, अशी सूचना आली. त्याच्या आईने डॉक्टरांना दाखवण्याआधी त्याला आमच्या अंगणवाडीत आणून बसवले. तिथे सेविकाताईंनी त्याच्याशी तेलुगूत दोन गोष्टी केल्या आणि तो बोलू लागला, इतके साधे ते प्रकरण होते. मूल मागे आहे असा शिक्का बसायला या शहरात भाषेचा हा गैरसमज पुरेसा ठरतो, आणि तो शिक्का पुसायला पुढे कित्येक वर्षे जातात. घरची भाषा हेच या वयातील शिकण्याचे मुख्य माध्यम असावे, असे पायाभूत स्तराचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही सांगतो. ते वाचलेले असो वा नसो, सेविकाताई ते रोज करत होत्या.

नवरात्रातले उदाहरण विशेष लक्षात राहिले. आपल्याकडे तेलुगू घरांत त्या दिवसांत बतुकम्मा, म्हणजे देवी म्हणून पुजायची फुलांची रास, मांडतात. सेविकाताईंनी मुलांना घरून फुले आणायला सांगितली. तरवडाची पिवळी फुले, झेंडू, गुलबक्षी, जे मिळेल ते. मग ती रंगांप्रमाणे वेगळी करणे, लहानमोठी लावणे, मोठ्या गोलाच्या आत छोटा गोल रचणे, प्रत्येक गोलात किती फुले बसली ते मोजणे, असा तो पूर्ण सकाळचा उद्योग झाला. दुसऱ्या दिवशी मराठी घरांतल्या आयांनी भोंडल्याची गाणी म्हणून घेतली. वर्गीकरण, क्रम, आकृतिबंध आणि संख्या या साऱ्या गोष्टी त्यात आल्या, आणि एकाही मुलाला आपण काही शिकत आहोत असे वाटले नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कागदाचे नंदीध्वज झाले. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला धास्ती होती की या सगळ्यात नातीची मराठी बिघडेल. मराठी बिघडली नाही. नात आता आजीलाच तेलुगू गाणी शिकवते आणि आजी ती चुकीची म्हणते म्हणून रागावते.

या जमेच्या बाजूला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हे सारे एका व्यक्तीवर उभे आहे. सेविकाताई आजारपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा शेजारच्या केंद्राच्या बाईंकडे आमच्या केंद्राचाही भार आला, आणि दोन खोल्यांमधली ती धावपळ म्हणजे केवळ मुले सांभाळणे होते. भिंतीवरचे तक्ते, चित्रकार्डे आणि मुलांच्या हातातली पुस्तके आमच्या केंद्रात सगळी मराठीत आहेत. तेलुगू किंवा कन्नड शब्द लिहिलेले एखादे चित्रही तिथे नाही. जे भाषिक औदार्य आहे ते बोलण्यातले आहे, साहित्यातले नाही, आणि बाई बदलल्या तर त्यातले काय उरेल हे कोणीही सांगू शकणार नाही.

प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल पालकांची सर्वांत मोठी तक्रार अशी असते की अंगणवाडीत लिहायला देत नाहीत. तक्रार वस्तुस्थिती म्हणून खरी आहे, आणि माझ्या मते हाच त्या अभ्यासक्रमाचा गुण आहे. राज्यातील अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ नावाचा बालशिक्षण अभ्यासक्रम आहे. केंद्र शासनाने ‘पोषण भी पढाई भी’ या कार्यक्रमाखाली २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. आधारशिलेची रचना ४८ आठवड्यांची आहे, आणि त्यातले पहिले ४ आठवडे केवळ मूल रुळावे यासाठी ठेवलेले आहेत. घर सोडून प्रथमच चार भिंतींत आलेल्या मुलाला रडायला, रेंगाळायला आणि दाराशी उभे राहायला सवड हवी, हे अभ्यासक्रमातच मान्य केलेले असणे मला महत्त्वाचे वाटते. थोरल्याच्या नर्सरीत दुसऱ्याच दिवशी वही आणायला सांगितले होते. मुक्त खेळ, गोष्ट, बडबडगीत, हस्तकाम, मैदानी खेळ आणि गप्पा असा अंगणवाडीतल्या दिवसाचा क्रम असतो. कापसाच्या वाती वळणे, चिंचोके निवडणे, भेंडीचे ठसे उमटवणे, मातीचे गोळे करणे, आणि आमच्या भागात मागावर उरलेले रंगीत सूत मण्यांतून ओवणे, या कामांनी बोटांची जी तयारी होते ती झाल्याशिवाय पेन्सिल हातात देणे म्हणजे मुलाला छळणे आहे. धाकटीने पहिलीत गेल्यावर लिहायला घेतले तेव्हा तिची बोटे दुखली नाहीत. थोरल्याची दुखत असत, आणि त्याचे अक्षर अजूनही कागदात रुतून येते.

बालशिक्षणाचा हा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे परिसरातल्या वस्तूंमधून आणि मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याची पद्धत रुजवली ती १९४५ पासून. शंख, शिंपले, बिया, पाने हेच तिथले साधन होते. सोलापुरात शिंपल्यांच्या जागी सूत आले, इतकाच काय तो फरक. तरीही साधनांच्या बाबतीत हात आखडता आहे, असे मला वाटले. मणी आणि ठोकळ्यांचा एक संच कपाटात होता, पण तो हरवेल किंवा मोडेल या भीतीने फारसा बाहेर निघत नसे, कारण तुटलेल्या वस्तूचा हिशेब लिहावा लागतो. गोष्टीची पुस्तके थोडी आणि हाताळून जीर्ण झालेली. मैदानी खेळासाठी शाळेचे मैदान आहे, पण मोठ्या मुलांची मधली सुट्टी झाली की लहानांना आत यावे लागते.

आहाराबद्दल थोडक्यात लिहिते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये तीन ते सहा वयाच्या मुलासाठी सकाळचा नाश्ता आणि गरम ताजे जेवण मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असा निकष घातला. त्यासाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये ठरवलेला दर होता मुलामागे दिवसाला ८ रुपये. या रकमेत बचत गटाच्या बायका खिचडी, मटकीची किंवा चवळीची उसळ, लापशी असे जे करून आणतात ते पाहता तक्रार करण्यास जीभ रेटत नाही. खिचडी पातळ असे दिवस आले, पण अन्न शिळे आले असे कधी झाले नाही. आदिवासी क्षेत्रांतल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ती योजना आमच्या शहराला लागू नाही, आणि विडी कामगारांच्या वस्तीतली वजनकाट्यावरची मुले पाहिली की ती इथेही हवी असे वाटते. एकत्र बसून जेवण्याचा लाभ वेगळाच. घरी चार घास मागे लागून भरवावे लागणारी माझी मुलगी तिथे दुसऱ्यांच्या बरोबरीने ताट पुसून जेवत असे.

दर महिन्याला वजन आणि ठरावीक काळाने उंची घेतली जाते आणि वाढीची नोंद ठेवली जाते. जीवनसत्त्व अ ची मात्रा, वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोन वेळा तपासणी, हे सारे विनामूल्य आहे. आमच्या केंद्रातल्या एका मुलीचा कानाचा त्रास या तपासणीतच लक्षात आला आणि तिला पुढे शासकीय रुग्णालयात पाठवले गेले. ती नीट ऐकत नाही म्हणून तोवर घरी तिला हट्टी समजत होते. खासगी नर्सरीत पालक जी फी भरतात तिच्यात अशी एकही तपासणी नसते.

आता उणिवा. सेविकेच्या हातात मुलांसाठी प्रत्यक्ष किती वेळ उरतो, ही पहिली. गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी, तीन वर्षांखालील बालकांचा घरपोच आहार, सर्वेक्षणे, लसीकरणाच्या दिवशीची बोलावणी आणि नोंदवह्या ही कामे तिच्याकडे पूर्वीपासून आहेत. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर नोंदी भरणे आले, आणि जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा फोनवर पडताळणे सक्तीचे झाले. आहार योग्य हाती पडावा हा हेतू योग्य आहे. परंतु नेटवर्क नाही म्हणून आई दारात ताटकळत उभी, सेविकाताई फोन उंच धरून अंगणात फिरत आहेत आणि आत गोष्ट अर्धवट राहिलेली, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याला अपवाद म्हणता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला आणि तो पुढच्या वर्षात लांबला, तेव्हा केंद्र बंद राहिल्याने आमची गैरसोय झाली. पण इतकी कामे करणाऱ्या बाईला पगाराऐवजी मानधन मिळते आणि उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागतो, हे ठाऊक असल्याने संपाला नावे ठेवणे मला जमले नाही.

जागेच्या बाबतीत आमचे केंद्र सुदैवी आहे, कारण शाळेचा एक जुना वर्ग त्याला मिळाला आहे. भिंती जाड, छत उंच, दोन खिडक्या. अंगणवाडीच्या इमारतीसाठी ६०० चौरस फुटांचा निकष आहे; जवळच्याच वस्तीत भाड्याच्या खोलीत भरणारे एक केंद्र मी पाहिले, त्याची जागा त्याच्या निम्मीही नसावी, आणि वर पत्रा. मार्च उलटल्यावर पारा चाळिशीच्या पुढे जातो त्या शहरात पत्र्याखाली दुपारपर्यंत मुले बसवणे ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमाला निष्फळ करायला पुरेशी आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने पिंप भरून ठेवावे लागते, आणि हात धुण्याचा पाठ एका तांब्यात उरकला जातो. आमच्याकडे स्वच्छतागृह शाळेचे वापरतात. ते मोठ्या मुलांच्या मापाचे असल्याने लहानांना मदतनीस मावशींचा हात धरून जावे लागते, आणि तेवढा वेळ स्वयंपाकाची भांडी आणि उरलेली मुले सेविकाताईंवर सोपवलेली असतात.

वेळेचा प्रश्न या भागापुरता बोलायचा तर विड्या वळणाऱ्या आयांचा प्रश्न आहे. घरी बसून विड्या वळायच्या आणि तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा, तिथून पुन्हा पाने आणि तंबाखू आणायची, असा त्यांचा दिवस असतो. अंगणवाडी दुपारी सुटते आणि मूल पुन्हा सुपाशेजारी, तंबाखूच्या वासात येऊन बसते. विडी आणि सिगार कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या आवारासाठी. काम घरी नेणाऱ्या बाईच्या मुलाला तिचा उपयोग झाला नाही. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना केंद्र शासनाच्या पाळणा योजनेत आहे. आमच्या भागाला तिची गरज जितकी आहे तितकी क्वचितच कुठे असेल, कारण इथली आई घरात असते, पण मोकळी नसते.

सर्वांत गंभीर उणीव पहिलीच्या दारात आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण, हा पहिलीचा वयाचा नियम स्पष्ट आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, आणि त्यांच्याबद्दल मला चांगलेच लिहायचे आहे. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, सामाजिक व भावनिक विकास आणि पालकांना मार्गदर्शन अशी सात टेबले मांडलेली असतात. मूल दोरीवरून चालते, चित्र पाहून बोलते, वस्तूंच्या जोड्या लावते, आणि कोणत्या गोष्टीत त्याला मदत लागेल हे आईला तिथेच कळते. त्यानंतर मातांचे गट करून आयडिया कार्डे देतात. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या करताना मुलाशी काय बोलावे, काय मोजावे, हे त्या कार्डांवर असते. आमच्या गटातील न शिकलेल्या दोन आयांनी ही कार्डे शेजारणीकडून वाचून घेऊन मनापासून वापरली.

मेळावा संपला आणि मुले पहिलीच्या वर्गात गेली. तिथून पुढे जोडणी तुटली. सेविकाताईंकडे प्रत्येक मुलाच्या प्रगतीची नोंद होती. ती वर्गशिक्षकांनी मागितली नाही आणि देण्याची रीतही कोणाला ठाऊक नव्हती, जरी दोन्ही खोल्यांमध्ये एका व्हरांड्याचे अंतर होते. पायाभूत वाचन, लेखन आणि अंकज्ञानासाठीच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या सुरुवातीला ‘विद्या प्रवेश’ नावाचा तीन महिन्यांचा खेळावर आधारित तयारीचा टप्पा आहे. धाकटीच्या वर्गात तो काही आठवड्यांत आटोपला आणि मुळाक्षरे सुरू झाली. याहून वाईट घडले ते तेलुगू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत. वर्गशिक्षक कष्टाळू आहेत, पण बदलून आलेले, आणि त्यांना मराठीखेरीज या भागातली कोणतीच भाषा येत नाही. अंगणवाडीत जी मुले गोष्ट पुढे नेत असत ती इथे मागच्या बाकावर जाऊन बसली. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चारही माध्यमांत आहेत हे खरे, परंतु नोकरीचा विचार करून बहुतेक तेलुगू भाषक पालक मराठी माध्यम निवडतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. त्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या पहिलीत तेलुगू समजणारे एक माणूस असणे ही चैन मानता येणार नाही. आमच्या शाळेत तसे माणूस व्हरांड्यापलीकडे बसलेले होते, केवळ दुसऱ्या खात्याचे होते. पालक सभेत मी सुचवले की पहिले दोन महिने सेविकाताईंनी आठवड्यातून एक तास पहिलीत येऊन गोष्ट सांगावी. सूचना सर्वांना पटली. परवानगी कोणाची घ्यायची यावर चर्चा थांबली ती तिथेच आहे.

खासगी नर्सरीच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की तिथे वेळ पाळली जाते, खोली रंगवलेली असते, रिक्षा दारात येते आणि आईवडिलांना दर आठवड्याला दाखवण्यासारखे काहीतरी कागदावर मिळते. नोकरी करणाऱ्या जोडप्यांना यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची किंमत किती असते हे मला समजते. पण तीन ते पाच या वयात मूल काय करते यावर निवड करायची असेल, तर मी धाकटीचीच वाट सुचवेन.

आपल्या भागातली अंगणवाडी निवडण्याआधी सकाळी, मुले बसलेली असताना, एकदा न कळवता जाऊन यावे. मुले आपसात कोणत्या भाषेत बोलतात आणि बाई त्यावर काय करतात ते ऐकावे. खेळाचे साहित्य कपाटात आहे की जमिनीवर, हे पाहावे. बाई रजेवर असतील तेव्हा मुले कोणाकडे असतात हे विचारावे. मूल पाच वर्षांचे असेल तर जवळच्या शाळेतल्या पहिलीच्या शिक्षकांनाही त्याच फेरीत भेटावे, आणि घरी कोणती भाषा बोलतो ते त्यांना सांगून ठेवावे, कारण ते त्यांना दुसरे कोणी सांगणार नाही. आमच्या केंद्रात नोंदणीसाठी मुलाचा जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचे कार्ड मागतात. शुल्क काही नाही, आणि नाव वर्षभरात केव्हाही घालता येते.